समुद्र बुजवला, शीव कोणी आखायची?

जमिनीचे कुठलेही खरेदीखत उघडा, त्यात चतुःसीमा असतेच. पूर्वेला अमक्याचे शेत, पश्चिमेला ओढा, दक्षिणेला गावरस्ता, उत्तरेला अमुक गट. त्याच्या वर गाव, तालुका, जिल्हा. हे सगळे लिहिता येते, कारण त्या जमिनीबद्दल आधीच कुणीतरी काही लिहून ठेवलेले असते. जुना सातबारा असतो, त्याआधीचा फेरफार असतो, त्याच्याही मागे इंग्रजांच्या काळातली मोजणी असते. कागदाला कागद लागलेला असतो.

आता अशी जमीन डोळ्यांपुढे आणा, जी तीस वर्षांपूर्वी नव्हतीच. तिथे पाणी होते. मग कुणीतरी बांध घातला, आत दगड, माती, वाळू ओतली, पाणी उपसले आणि शंभर हेक्टरचे सपाट मैदान उभे राहिले. याला जुना सातबारा नाही. शेजारी कोण म्हणावे, तर तीन बाजूंनी पाणीच. ही जमीन कोणत्या गावची?

प्रश्न कागदी वाटतो, पण त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही टांगलेले असते. तिथे गोदाम बांधले तर घरपट्टी कोणाच्या तिजोरीत जाणार? बांधकामाची परवानगी कोण देणार? वस्ती झाली तर लोकांनी मत कोणत्या प्रभागात द्यायचे? बंदर उभे राहिले तर कराची रक्कम कोट्यवधींत जाते आणि मग शेजारची दोन गावे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. जगात समुद्र मोठ्या प्रमाणावर बुजवला गेला अशा अनेक ठिकाणी हा प्रश्न उभा राहिला. जपान आणि दक्षिण कोरिया या दोन देशांत तो थेट न्यायालयांपर्यंत गेला. तिथे जे घडले ते समजून घेतले, तर हद्द ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असावा आणि त्याने काय पाहून निर्णय द्यावा, हे बरेच स्पष्ट होते.

मालकी वेगळी, हद्द वेगळी

आधी एक गुंता सोडवू. जमीन कोणाच्या मालकीची आहे आणि ती कोणाच्या हद्दीत आहे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मिरज स्थानकाची जमीन रेल्वेची, म्हणजे केंद्र सरकारची. पण ती आहे सांगली जिल्ह्यात. मालक दिल्लीत असला म्हणून जमीन दिल्लीच्या हद्दीत जात नाही.

समुद्राच्या मालकीबद्दल बहुतेक देशांचे कायदे एकाच दिशेने बोलतात. समुद्राचा तळ खासगी मालकीचा नसतो, तो सरकारचा, म्हणजे सर्वांचा. आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे. भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा तळ राज्य सरकारची मालमत्ता आहे.

जपानमध्ये यासाठी १९२१ चा स्वतंत्र कायदा आहे, सार्वजनिक जलक्षेत्रांत भराव घालण्यासंबंधीचा. समुद्र, नदी, तलाव यांत भराव घालायचा तर प्रांताच्या गव्हर्नरचा परवाना हवा. काम पुरे झाले की गव्हर्नरकडून तपासणी होते. पूर्ततेची मान्यता मिळाली, ती प्रसिद्ध झाली, की त्या दिवशी परवानाधारकाला मालकी मिळते. त्याआधी त्याने कितीही माती ओतलेली असो, कायद्याच्या दृष्टीने ते सार्वजनिक पाणीच.

मग पाणी कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते? जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये एका खटल्यात याचे उत्तर दिले. वसंत आणि शरद संपातांच्या, म्हणजे दिवस-रात्र समसमान असतात त्या सुमाराच्या, सर्वांत मोठ्या भरतीचे पाणी जिथवर पोहोचते ती रेषा. त्या रेषेच्या आत समुद्र, बाहेर जमीन. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला हे पटेल, कारण तोही आपली होडी कुठवर ओढायची हे भरतीवरूनच ठरवतो.

इथपर्यंत फारसे भांडण नाही. भांडण सुरू होते ते पुढच्या पायरीवर. मालक ठरला, जमीनही कायद्याने जमीन झाली, पण ती कोणत्या नगरपालिकेच्या हद्दीत? जमिनीवरच्या गावांच्या शिवा शतकानुशतके पडत आलेल्या असतात. ओढा, टेकडी, बांध, मोठे झाड अशी काहीतरी खूण असते. समुद्रावर अशी खूण कोणी ठेवणार? किनाऱ्यावरच्या गावाची हद्द समोरच्या पाण्यातही थोडी जाते, असे कायदा मानतो. पण दोन शेजारी गावांच्या पाण्यातली रेष नेमकी कुठून जाते, हे लिहून ठेवण्याची कुणाला गरज पडलेली नसते. भराव पडतो आणि ती न आखलेली रेष अचानक मौल्यवान होते.

कचऱ्यातून उभे राहिलेले बेट

टोकियोच्या बंदरात मधोमध लाटा अडवणारा एक लांब बांध आहे. १९७३ पासून या बांधाच्या आत, आणि काही वर्षांनी त्याच्या बाहेरही, टोकियोचा कचरा, जाळलेल्या कचऱ्याची राख आणि बांधकामाची माती ओतली जाऊ लागली. हळूहळू सुमारे ५०३ हेक्टरची जमीन तयार झाली. ती कोणाची?

टोकियो शहरात २३ विशेष वॉर्ड आहेत. आपल्याकडे वॉर्ड म्हणजे महापालिकेचा एक तुकडा. तिथे मात्र प्रत्येक वॉर्डाला स्वतःचा निवडून आलेला प्रमुख आणि स्वतःची परिषद असते. म्हणजे एका महानगराच्या पोटातल्या त्या वेगवेगळ्या नगरपालिकाच म्हणायच्या. या नव्या जमिनीवर सुरुवातीला पाच वॉर्डांनी हक्क सांगितला. चुओ, मिनातो आणि शिनागावा या तिघांनी २००२ मध्ये आपला दावा सोडला. उरले दोन, कोतो आणि ओता. दोघांचीही मागणी एकच होती: सगळी जमीन आमची.

कोतोचे म्हणणे समजायचे तर थोडे मागे जावे लागते. टोकियोच्या पूर्वेला, खाडीच्या काठी वसलेल्या या वॉर्डाच्या किनाऱ्यावर १९५७ पासून कचरा टाकला जात होता. त्या जागेचे नाव युमेनोशिमा. १९६५ च्या उन्हाळ्यात तिथून उठलेल्या माशांच्या थव्यांनी आजूबाजूच्या वस्त्या हैराण झाल्या. सगळ्या शहराचा कचरा कोतोच्या रस्त्यांवरून जात असे आणि त्याचे पाणी गळत असे. सप्टेंबर १९७१ मध्ये टोकियोचे गव्हर्नर र्योकिची मिनोबे यांनी कचऱ्याविरुद्ध युद्धच जाहीर केले. प्रत्येक वॉर्डाने आपला कचरा आपल्या हद्दीत जाळावा, असा कोतोचा आग्रह होता. पश्चिमेकडच्या सुगिनामी वॉर्डात रहिवाशांनी भट्टीला विरोध केला, तेव्हा कोतोच्या प्रमुखांनी आणि परिषद सदस्यांनी १९७३ मध्ये रस्त्यावर उतरून सुगिनामीच्या कचरागाड्या अडवल्या. ज्या लोकांनी इतकी वर्षे वास, माशा आणि गाड्यांची रांग सोसली, त्यांना त्या कचऱ्यातून तयार झालेली जमीन आपली वाटली, यात नवल काय?

ओताचे म्हणणेही तितकेच खरे होते. हानेदा विमानतळ ज्या वॉर्डात आहे तो हा ओता. इथल्या ओमोरी भागात पिढ्यान् पिढ्या नोरी, म्हणजे खाण्याच्या समुद्री शेवाळाची शेती होत असे. थंडीत पहाटे गार पाण्यात हात घालून शेवाळ तोडायचे, चिरायचे, चटयांवर वाळवायचे, असा तो व्यवसाय. १९६२ च्या डिसेंबरमध्ये बंदराच्या विकासासाठी इथल्या मच्छीमारांनी आपले मासेमारीचे हक्क सोडून दिले. ज्या पाण्यात पुढे भराव पडला, त्यातला मोठा भाग आमच्या शेवाळाच्या शेतांचा होता, असे ओताचे म्हणणे होते.

एकाने घाण सोसली, दुसऱ्याने समुद्र गमावला. यांतले कोणते दुःख जास्त, हे कोणत्या फूटपट्टीने मोजायचे?

वाद वर्षानुवर्षे लोंबकळला. तोवर तिथला पत्ताही धड नव्हता. सरकारी कागदांत त्या जागेचा उल्लेख कोतोमधल्या आओमी या भागाच्या ‘पुढची जागा’ असा तात्पुरता केला जाई. मग २०१३ मध्ये २०२० चे ऑलिम्पिक टोकियोला मिळाले आणि नौकानयनाची स्पर्धा नेमकी याच भरावाच्या मधल्या पाण्यात घ्यायचे ठरले. आपला घोडेस्वार फवाद मिर्झा याने त्या ऑलिम्पिकमध्ये ज्या क्रॉस-कंट्री मार्गावर घोडा दौडवला, तोही याच कचऱ्याच्या टेकडीवर आखलेला होता. जगभरचे खेळाडू येणार आणि जागा कोणत्या वॉर्डात हेच ठरलेले नाही, ही स्थिती चालणार नव्हती.

न्यायाधीशाने रेषा कशी आखली

जपानच्या स्थानिक स्वराज्य कायद्यात अशा वादाची एक वाट आखून दिलेली आहे. पहिली पायरी समझोत्याची: गव्हर्नर मध्यस्थ नेमतो, ते एक तोडगा सुचवतात, दोन्ही परिषदांनी तो मंजूर केला तर वाद संपला. कोतो आणि ओता यांनी २०१७ च्या जुलैमध्ये ही वाट धरली. ऑक्टोबरमध्ये मध्यस्थांनी तोडगा दिला: कोतोला ८६.२ टक्के, ओताला १३.८ टक्के. कोतोने तो स्वीकारला. ओताच्या परिषदेने नाकारला आणि त्याच महिन्यात न्यायालयात दावा लावला.

हा दावा नेहमीच्या दिवाणी दाव्यासारखा नसतो, आणि त्यातले हेच मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. साध्या दाव्यात वादीला आपले म्हणणे सिद्ध करता आले नाही तर तो हरतो. हद्दीच्या दाव्यात न्यायाधीशाला तसे म्हणून उठता येत नाही. दोघांचाही पुरावा अपुरा असला तरी रेष आखावीच लागते, कारण हद्दीविना जमीन ठेवता येत नाही. आणि ती रेष दोघांपैकी कोणी मागितली तशीच असावी, असेही बंधन नसते. न्यायाधीश तिसरीच रेष आखू शकतो.

मग ती कशावरून आखायची? १९८६ मध्येच, पण वेगळ्या खटल्यात, जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या हद्दींसाठी एक क्रम सांगितला होता. आधी जुन्या काळापासून चालत आलेली शीव शोधा. ती सापडली नाही, तर प्रशासन कोण चालवत आले, भूगोल कसा आहे, लोकांची आर्थिक आणि सामाजिक ये-जा कुठे आहे, हे पाहून हद्द ठरवा. भरावाच्या जमिनीला जुनी शीव नसतेच. म्हणून थेट दुसऱ्या पायरीवर यावे लागते.

टोकियो जिल्हा न्यायालयाने २० सप्टेंबर २०१९ रोजी निकाल दिला. त्याचा पाया होता समान अंतराची रेषा. ही कल्पना साधी आहे. समोरासमोरच्या दोन घरांमध्ये एकच अंगण आहे असे धरा. अंगणात अशी जागा शोधा, जिथून दोन्ही उंबरे सारख्याच अंतरावर आहेत. तिथे खडूने टिंब काढा. मग दुसरी तशी जागा, तिसरी, चौथी. टिंबे जोडली की जी रेघ तयार होते, तिच्या अलीकडची प्रत्येक जागा पहिल्या घराला जवळची आणि पलीकडची दुसऱ्या घराला. समुद्रात उंबऱ्याऐवजी किनारा धरायचा, एवढाच फरक. देशादेशांतल्या सागरी सीमा ठरवतानाही ही पद्धत वापरतात.

पण किनारा कोणता धरायचा? शेवाळाची शेती होती तेव्हाचा, की आजचा? न्यायालयाने आजचा धरला. दोन्ही वॉर्डांचा इतिहास त्याने ऐकून घेतला, पण त्याला निर्णायक वजन दिले नाही. मग आजच्या किनाऱ्यांवरून निघालेली रेषा जमिनीच्या आजच्या वापराशी जुळवून घेतली. कोतोला ७९.३ टक्के मिळाले, ओताला २०.७ टक्के, म्हणजे सुमारे १०४ हेक्टर. दोघांनीही अपील केले नाही आणि निकाल कायम झाला. २०२० मध्ये कोतोने आपल्या भागाला ‘उमिनोमोरी’, म्हणजे समुद्रातले वन, असे नाव दिले आणि ओताने आपल्या भागाला नव्या सम्राटांच्या कालखंडावरून ‘रेइवाजिमा’. उमिनोमोरीत आज खरोखरच झाडे वाढत आहेत. वास्तुविशारद तादाओ आंदो यांच्या पुढाकाराने कचऱ्यावर माती टाकून ती लावली गेली.

निकाल व्यवहार्य होता हे मान्य. तरी ओमोरीच्या शेवाळ पिकवणाऱ्यांच्या नातवंडांना आणि कोतोच्या माशा मारत मोठ्या झालेल्या पिढीला आपला भूतकाळ बाजूला ठेवला गेल्याचे वाटले असेल, तर ते मला समजते. त्या भूतकाळाला जागा द्यायची तर ती कायद्यात कुठे द्यायची, याचे एक उत्तर कोरियात सापडते.

चौकट: भरावाच्या जमिनीचे चार प्रश्न

भराव घालू द्यायचा का? हा परवान्याचा प्रश्न. उत्तर देतो परवाना देणारा अधिकारी, जपानमध्ये प्रांताचा गव्हर्नर.

पाण्याची जमीन कधी झाली? हा पूर्ततेच्या तपासणीचा आणि भरतीच्या रेषेचा प्रश्न.

मालक कोण? उत्तर परवान्यात आणि जमिनीच्या कायद्यात असते. मालक सरकार असू शकते, बंदर असू शकते, कंपनीही असू शकते.

हद्द कोणाची? हा कर, पत्ता, परवानग्या आणि मतदान यांचा प्रश्न. मालकी ठरली म्हणून हा आपोआप सुटत नाही. यासाठी वेगळा अधिकार आणि वेगळी प्रक्रिया लागते.

नकाशावरची रेष कायदा होते का?

दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर आसान उपसागरात प्योंगतेक-दांगजिन बंदर आहे. उत्तरेला ग्योंगी प्रांतातले प्योंगतेक, दक्षिणेला दक्षिण चुंगचोंग प्रांतातले दांगजिन. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इथे बांधावर आणि भरावावर जमीन तयार झाली. प्योंगतेकने ती आपल्या दप्तरात नोंदवली. मग दांगजिननेही तीच जमीन आपल्या दप्तरात नोंदवली. एक जमीन, दोन दप्तरे.

दांगजिन २००० मध्ये संविधान न्यायालयात गेले. न्यायालयाच्या हाताशी होता एकच ठोस कागद: सरकारी भूमापन संस्थेने छापलेला नकाशा. त्यावर पाण्यात एक तुटक रेष काढलेली होती. अशा रेषांचे मूळ जपानी वसाहतीच्या काळातल्या मोजणीत होते आणि त्या मुळात कोणते बेट कोणाचे हे दाखवण्यासाठी काढलेल्या होत्या. पण इतकी वर्षे सगळ्यांनी ती रेष मानली, म्हणून ती रूढीने कायदा झाली आहे, असे न्यायालयाने २३ सप्टेंबर २००४ रोजी ठरवले. निर्णय पाच विरुद्ध चार अशा मतांनी झाला. जमीन दांगजिनला गेली.

आता अडचण पाहा. ही जमीन प्योंगतेकला लागून आहे, रस्ता तिकडून, पाणी-वीज तिकडून, आणि हद्द मात्र पाण्यापलीकडच्या दांगजिनची. ज्या रेषेचे काम होते पाण्यातली बेटे दाखवणे, ती आता जमिनीवर रस्ते आणि गोदामे चिरत जाणार होती. असे वाद देशभर सुरू झाले, तेव्हा कोरियाच्या संसदेने १ एप्रिल २००९ रोजी स्थानिक स्वराज्य कायदाच बदलला. नवा नियम असा: सार्वजनिक पाण्यातल्या भरावाची जमीन कोणत्या नगरपालिकेची, हे गृहप्रशासन मंत्री ठरवेल. त्याआधी केंद्रीय तंटा समितीत दोन्ही बाजूंची सुनावणी होईल. निर्णय मान्य नसेल तर पंधरा दिवसांत सर्वोच्च न्यायालयात जाता येईल. आणि मंत्र्याकडे अर्ज करायचा तो भरावाची पूर्तता-तपासणी होण्याआधी, म्हणजे दोन दप्तरांत एकच जमीन चढण्याची वेळच येऊ नये.

या नियमाखाली प्योंगतेकने अर्ज केला. ४ मे २०१५ रोजी मंत्र्यांनी वादातल्या सुमारे ९६ हेक्टरपैकी अंदाजे ६८ हेक्टर प्योंगतेकला आणि २८ हेक्टर दांगजिनला दिले. दांगजिनमध्ये संतापाची लाट उसळली. एकदा न्यायालयाने आमची म्हटलेली जमीन मंत्री कशी काढून घेतो, हा त्यांचा सवाल होता. मेणबत्त्या घेऊन लोक वर्षानुवर्षे निदर्शने करत राहिले.

संविधान न्यायालयाने १६ जुलै २०२० रोजी त्यांचे म्हणणे फेटाळताना जे कारण दिले, ते या सगळ्या विषयाची किल्ली आहे. भरावाची जमीन ही नवी जमीन आहे. ती आधी कोणत्याही नगरपालिकेची नव्हती. ज्या पाण्यावर एखाद्या नगरपालिकेचा अधिकार होता, ते पाणी आता राहिलेले नाही, आणि पाण्यावरचा अधिकार जमिनीवर आपोआप चालत येत नाही. ४ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही मंत्र्यांचा निर्णय कायम ठेवला. नकाशावरच्या रेषेची गोष्ट तर त्याआधीच संपली होती. २०१५ च्या जुलैमध्ये दुसऱ्या एका उपसागराच्या वादात संविधान न्यायालयाने आपलेच २००४ चे मत बदलले: छापील रेष म्हणजे कायदा नव्हे, हद्द न्याय्य विचाराने ठरवायची.

ज्याचा समुद्र गेला त्याचे काय

कोरियात या नियमाची सगळ्यांत मोठी कसोटी लागली ती सेमांगुमला. १९९१ मध्ये इथे बांध घालायला सुरुवात झाली आणि २०१० मध्ये ३३.९ किलोमीटर लांबीचा बांध पुरा झाला. त्याच्या आत सुमारे ४०० चौरस किलोमीटरचे पाणी आणि चिखलाचे मैदान अडवले गेले. लांबच्या प्रवासात विसावणाऱ्या लाखो पाणपक्ष्यांचे ते ठिकाण होते आणि ओहोटीला शिंपले वेचणाऱ्या बायकांचे रोजचे शेत होते. या हानीबद्दल स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

काठावर तीन शहरे-तालुके: उत्तरेला गुन्सान, मध्ये गिम्जे, दक्षिणेला बुआन. जुन्या नकाशाच्या रेषेने वाटणी केली असती तर सुमारे ७१ टक्के जमीन एकट्या गुन्सानला गेली असती. गिम्जेची अवस्था तर विचित्र झाली असती. त्याच्या सगळ्या किनाऱ्यासमोर भराव पडणार होता, म्हणजे काल समुद्रकाठी असलेला हा भाग उद्या चारी बाजूंनी जमिनीने वेढला जाणार होता.

मंत्र्यांनी २०१० मध्ये बांधाचा तिसरा आणि चौथा भाग गुन्सानला दिला. गिम्जे आणि बुआन सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ नोव्हेंबर २०१३ च्या निकालात ते हरले, पण न्यायालयाने पुढच्या सगळ्या वाटणीसाठी काय पाहायचे ते सांगून ठेवले. जमिनीचा वापर सोपा आणि एकसंध व्हावा. हद्द नदीसारख्या नैसर्गिक किंवा बांधासारख्या ठळक मानवी खुणेवर असावी. तिथे राहणाऱ्यांची सोय पाहावी. आणि भरावामुळे ज्यांचा समुद्र, ज्यांचे उपजीविकेचे साधन गेले, त्यांच्या नुकसानीला वजन द्यावे. मांग्योंग आणि दोंगजिन या दोन नद्या समुद्राला मिळतात तिथून रेषा पुढे नेली, तर उत्तरेचा भाग गुन्सानचा, दोन्ही नद्यांमधला गिम्जेचा, दक्षिणेचा बुआनचा असा तर्कशुद्ध आराखडा निघतो, असेही त्यात होते. त्याच धाग्याने २०१५ मध्ये पहिला भाग बुआनला आणि दुसरा गिम्जेला मिळाला. गुन्सानने आव्हान दिले, ते १४ जानेवारी २०२१ रोजी फेटाळले गेले. गिम्जेला पुन्हा समुद्र मिळाला.

टोकियोच्या न्यायाधीशापुढे रेष होती, पण गमावलेल्या समुद्राचे माप नव्हते. कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते माप इतर मापांच्या रांगेत बसवले. माझ्या मते हा मार्ग अधिक न्याय्य आहे. समान अंतराची रेषा भूगोलाला न्याय देते. पण किनाऱ्यावरच्या गावाचे समुद्राशी नाते केवळ अंतराचे नसते.

आणखी एक मार्ग आहे, तो नेदरलँड्सचा. तिथे पूर्वीच्या झाउडर झी या उथळ समुद्रात १९५७ आणि १९६८ मध्ये दोन प्रचंड भूभाग कोरडे केले गेले. ते शेजारच्या कुणालाच दिले नाहीत. काही काळ सरकारी यंत्रणेने ते सांभाळले, माणसे वसवली, मग लेलिस्टाड, अल्मेरे अशा नव्या नगरपालिका केल्या आणि १ जानेवारी १९८६ पासून फ्लेव्होलँड नावाचा नवा प्रांतच अस्तित्वात आला. शहरे वसावीत इतकी जमीन असेल तरच हे शक्य आहे. शंभर हेक्टरच्या बंदरासाठी नवी नगरपालिका कोणी काढत नाही.

महाराष्ट्रात हा अधिकार कोणाकडे?

मुंबईने समुद्र पुष्कळ बुजवला, पण हद्दीचा असा वाद तिथे पेटला नाही. दक्षिण मुंबईतला भराव एकाच महापालिकेच्या कडेला पडत गेला. पाणी मागे सरकले तशी शहराची कड पुढे गेली, दुसरा दावेदारच नव्हता. १९२० च्या दशकातल्या बॅकबे भरावावरून वकील खुर्शेद नरिमन यांनी केवढी लढाई दिली, पण तीही गैरव्यवहाराबद्दल होती, हद्दीबद्दल नव्हे.

पालघर जिल्ह्यात वेगळे चित्र आहे. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने डहाणूजवळच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. त्यात १,४४८ हेक्टर समुद्रात भराव घालायचा आहे आणि समुद्रातच १०.१४ किलोमीटरचा लाटा अडवणारा बांध उभारायचा आहे. टोकियोच्या त्या बेटाच्या जवळजवळ तिप्पट जमीन. आणि समोर आहे तो एका महापालिकेचा किनारा नव्हे, मासेमारीवर जगणाऱ्या गावांची रांग आहे. या गावांचा बंदराला असलेला विरोध सर्वांना ठाऊक आहे. बंदर व्हावे की नाही हा वाद मोठा आहे आणि तो या लेखात मावणारा नाही. पण ते होणार असेल, तर हद्दीचा प्रश्नही त्याच्यासोबत येणार आहे.

आपल्या कायद्यात या अधिकाराची जागा ठरलेली आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ४ प्रमाणे जिल्हा, तालुका यांच्या हद्दी राज्य सरकार राजपत्रातल्या अधिसूचनेने ठरवते आणि बदलते. ग्रामपंचायतीसाठी कोणते क्षेत्र गाव मानायचे, हे ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४ खाली राज्य सरकारच जाहीर करते. म्हणजे कोरियात जो अधिकार मंत्र्याकडे आहे, तो आपल्याकडे राज्य सरकारकडे आहे. बंदराची मालकी कोणाची, हा केंद्राच्या आणि राज्याच्या संस्थांमधल्या करारांचा विषय राहील. हद्द मात्र वेगळ्या कागदाने ठरेल.

म्हणून किनाऱ्यावरच्या ग्रामसभांनी आत्ताच विचारावे असे काही नेमके प्रश्न आहेत. भरावाची जमीन कोणत्या गावाच्या, कोणत्या ग्रामपंचायतीच्या क्षेत्रात जाणार, की तिला स्वतंत्र अधिसूचित क्षेत्र करून पंचायतींच्या बाहेर ठेवणार? वेगळी ठेवली, तर तिथल्या कराचा काही वाटा समोरच्या गावांना मिळणार का? रेष आखताना केवळ नकाशावरचे अंतर धरणार, की ज्या गावांच्या होड्या त्या पाण्यात जात होत्या त्यांचा विचार होणार? हद्द ठरली तरी मासेमारीच्या नुकसानीची भरपाई हा त्याहून निराळा हक्क आहे. जमीन आमच्या पंचायतीत आली म्हणून जाळे गमावलेल्या माणसाचे पोट भरत नाही. दोन्ही मागण्या स्वतंत्रपणे, लेखी मांडाव्या लागतील.

वेळेबाबतही जपानच्या कायद्यात एक घेण्याजोगी तरतूद आहे. सार्वजनिक पाण्यात भराव घातला जात असेल आणि होणारी जमीन कोणत्या नगरपालिकेची हे ठरवणे आवश्यक वाटले, तर मंत्र्याने किंवा गव्हर्नरने ती पावले शक्य तितक्या लवकर उचलावीत, असे स्थानिक स्वराज्य कायद्याचे कलम सांगते. टोकियोत तसे झाले नाही. पहिली कचरागाडी रिकामी झाली त्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी रेष आखली गेली. आपल्याकडे महसुली हद्दी बदलताना मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती मागवण्याची रीत आहे. वाढवणच्या समुद्रात पडणाऱ्या भरावासाठी ती जमीन तयार झाल्यावर नव्हे, आधी वापरली जावी, आणि मसुद्याची प्रत डहाणू तालुक्यातल्या प्रत्येक कोळीवाड्यात मराठीत वाचून दाखवली जावी.